लाईट गेली की फाईल गायब: चिप बदलण्याआधी हे बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तीन टेंपरेचर लॉगर (तापमान नोंदवणारे बोर्ड) बसवलेत, बोर्डावर लिनक्स, २५६ एमबीची नँड फ्लॅश (लाईट गेली तरी डेटा ठेवणारी मेमरी चिप) आणि तिच्यावर यूबीआयएफएस ही फाईलसिस्टिम, म्हणजे चिपवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था. दर मिनिटाला एक ओळ फाईलमध्ये जाते. लाईट जाऊन आली की पहिल्या बोर्डावरची शेवटची रीडिंग नसतात, कधी दहा मिनिटांची तर कधी सव्वा तासाची, आणि मध्ये सेटिंगची फाईलसुद्धा शून्य बाइटची झाली होती. दुसऱ्या बोर्डावर रोजच्या फायली नीट असतात पण ज्या रात्री लाईट बराच वेळ गेली त्या रात्रीची फाईलच नंतर सापडत नाही. तिसऱ्याला रीबूट केलं की सगळं पहिल्या दिवसासारखं कोरं. जुन्या बोर्डावर जेएफएफएस२ ही आधीची फाईलसिस्टिम होती, तिथे साध्या शेल स्क्रिप्टने हेच काम कित्येक वर्षं बिनतक्रार चाललं, मग आता तिन्ही बोर्डांच्या फ्लॅश चिप बदलायच्या का, असं विचारलंय.

नका बदलू. तिन्ही बोर्डांवर फाईल हरवते एवढंच सारखं आहे, हरवायची पद्धत तिन्हीकडे वेगळी आहे आणि ती पद्धत बघितली की कारण जवळजवळ समोरच येतं. फाईल तीन प्रकारे हरवते. एक तर ती फ्लॅशपर्यंत कधी पोचलीच नव्हती, किंवा ती दुसरीकडेच कुठेतरी लिहिली गेली, किंवा ती नीट लिहिली गेली आणि नंतर कोणीतरी पुसली. चिप खराब असणं हे ह्या सगळ्यानंतर येतं आणि माझ्या बघण्यात ते फार कमी वेळा निघतं.

आणि हे किरकोळ समजू नका. फ्रोझन माशाला उणे १८ अंशाचं रेकॉर्ड लागतं, आणि तुमच्या लॉगमधला जो तुकडा जातोय तो बरोबर लाईट जायच्या आसपासचा आहे, म्हणजे खोली गरम व्हायला लागली असेल तर ती ज्या वेळात, नेमका तोच. चोवीस तासातला दुसरा कुठलाही तुकडा गेला असता तर चाललं असतं.

काहीही करायच्या आधी तिसऱ्या बोर्डावर परत इमेज (तयार सॉफ्टवेअरची पूर्ण कॉपी) मारू नका, फॉरमॅट करू नका. नँडडंप कमांडने पार्टिशनची (फ्लॅशच्या त्या भागाची) कॉपी पेनड्राइव्हवर काढून ठेवा, सीरियल केबल लावून बूट होतानाचे सगळे मेसेज पहिल्या ओळीपासून सेव्ह करा. बरेच जण घाईत आधी फॉरमॅट करतात आणि मग कारण शोधायला काही उरतच नाही.

तिसऱ्या बोर्डापासूनच सुरू करतो कारण तो सगळ्यात सोपा आहे. सगळंच्या सगळं जातंय, म्हणजे बोर्ड रॅममध्ये लिहितोय. माउंट म्हणजे फाईलसिस्टिम एखाद्या फोल्डरला जोडणं. माउंट कमांड मारा आणि तुमचं डेटा फोल्डर नक्की कशावर बसलंय ते वाचा. तिथे यूबीआयएफएस दिसायला पाहिजे, टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती फाईलसिस्टिम) दिसलं किंवा त्या फोल्डरची वेगळी ओळच नसली तर विषय संपला. डीएफ ह्या जागा दाखवणाऱ्या कमांडमध्ये साइज बोर्डाच्या रॅमच्या निम्मी दिसत असेल तर तीही खूण आहे कारण टीएमपीएफएसला साइज सांगितली नाही तर ते निम्मी रॅम धरतं. बिल्डरूट (बोर्डासाठी लिनक्स बनवायचं साधन) वापरत असाल तर व्हार मधलं लॉग फोल्डर हे बरेचदा फक्त टेंपकडे जाणारी लिंक असते आणि टेंप रॅममध्ये असतं, योक्टो ह्या तशाच साधनामध्येही व्हार-लॉग व्होलाटाइल म्हणजे रॅममधल्या भागात जातो, त्यात दोष कोणाचा नाही, फ्लॅश झिजू नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं असतं. पण तुमच्याकडे सेटिंगपण जातायत म्हणून मला वाटतं की डेटाचं व्हॉल्यूम (फ्लॅशवरचा डेटाचा कप्पा) माउंटच होत नाहीये. स्टार्टअप स्क्रिप्ट माउंट करायला जाते, ते फेल होतं, स्क्रिप्ट तिकडे न बघता पुढे जाते आणि लॉगर प्रोग्राम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये खुशाल लिहीत बसतो. बोर्ड चालू आहे तोवर फाईल दिसते, उघडते, वाढतेपण. रूट (सगळ्यात वरचं फोल्डर) रॅममध्ये असेल तर रीबूटला ती जाते.

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मेसेजमध्ये, यूबीआय असं शोधून काय एरर आहे ते बघा, यूबीआय हा फ्लॅश आणि यूबीआयएफएसच्या मधला थर. पार्टिशनचा नंबर बदललेला असणं हे नेहमीचं कारण, कर्नल बदलला किंवा पार्टिशन टेबलमध्ये एक ओळ वाढली की कालचा एमटीडी ४ (लिनक्स फ्लॅशच्या पार्टिशनला असे नंबर देतं) आज एमटीडी ५ होतो, म्हणून नंबर न देता नावाने अटॅच करा. प्रॉकमधल्या एमटीडी फाईलमध्ये नावं दिसतात. व्हॉल्यूम कधी बनवलंच गेलं नव्हतं असंही निघेल. पार्टिशन परत तयार करायची वेळ आलीच तर यूबीफॉरमॅट वापरा, नुसतं फ्लॅश इरेज मारू नका, त्याने प्रत्येक ब्लॉक (एका वेळी पुसला जाणारा फ्लॅशचा तुकडा) किती वेळा पुसला गेला त्याची नोंद उडते आणि झीज सारखी वाटायचं काम यूबीआय त्याच नोंदीवर करतं. आणि स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये माउंटपॉइंट कमांडने तपासून घ्या, माउंट झालं नसेल तर लॉगर सुरूच करायचा नाही, लाल एलईडी लावायचा. गप्प राहून रॅममध्ये लिहिणाऱ्या लॉगरपेक्षा बंद पडलेला लॉगर कितीतरी बरा, निदान कोणीतरी फोन तरी करतं.

ह्याच्यातलाच एक प्रकार म्हणजे प्रोग्राम माउंट व्हायच्या दोन सेकंद आधी सुरू होतो, खालच्या फोल्डरमध्ये लिहायला लागतो आणि मग त्याच्यावर फाईलसिस्टिम येऊन बसते. फायली गेलेल्या नसतात, झाकलेल्या असतात. रूटचं बाइंड माउंट दुसरीकडे करून (म्हणजे तेच फोल्डर दुसऱ्या जागी दिसेल असं जोडून) त्या फोल्डरमध्ये डोकावलं की सापडतात.

अजून एक बघा, यूबीआयएफएसला आत काही गंभीर गडबड सापडली तर ते स्वतःला रीड-ओन्ली करून घेतं, डीमेसेजमध्ये तसं स्वच्छ लिहून येतं. त्याच्यानंतरचं प्रत्येक लिहिणं एरर देतं, पण प्रोग्राम राइटची रिटर्न व्हॅल्यू (लिहिणं झालं की नाही ते सांगणारं उत्तर) बघतच नसेल तर त्याला वाटतं सगळं झकास चाललंय आणि रीबूट झालं की घड्याळ मागे गेल्यासारखा जुनाच डेटा समोर येतो. रिटर्न व्हॅल्यू बघा हो, फाईल उघडताना, लिहिताना, बंद करताना, सगळीकडे.

आता पहिला बोर्ड, खरा विषय हा आहे.

तुम्ही म्हणता सव्वा तासाची रीडिंग जातात. लिनक्स कर्नल लिहिलेला डेटा रॅममध्ये किती वेळ ठेवतो तर डिफॉल्टला साधारण ३० सेकंद, आणि दर ५ सेकंदांनी उठून काय जुनं झालंय ते बघतो. म्हणजे कर्नलमुळे अर्ध्या-पाऊण मिनिटाचा डेटा जाईल, सव्वा तासाचा जाणार नाही. मग बाकीचा कुठे होता? तुमच्या प्रोग्रामच्या पोटात. जुन्या बोर्डावर शेल स्क्रिप्ट होती, प्रत्येक ओळीला एको करून फाईलच्या शेवटी जोडायची, ती ओळ लगेच कर्नलकडे जायची. नवीन प्रोग्राम सी मध्ये आहे, एफप्रिंटएफ (फाईलमध्ये ओळ लिहिणारं सी चं फंक्शन) वापरलंय, फाईल सुरुवातीला एकदा उघडून ठेवलीय. एफप्रिंटएफ कर्नलकडे काही देत नाही, आधी स्वतःच्या बफरमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या जागेत) साठवतं आणि तो बफर यूबीआयएफएसवर बहुतेक ४०९६ बाइटचा असतो. तुमची एक ओळ ४० बाइटच्या आसपास असेल तर १०० ओळी झाल्याशिवाय बफर भरत नाही, म्हणजे मिनिटाला एक ओळ धरली तर जवळजवळ एक तास चाळीस मिनिटं. बफर नुकताच रिकामा झाला असेल तेव्हा लाईट गेली तर दहा मिनिटांचं नुकसान, भरत आलेला असेल तर सव्वा तासाचं. तुम्ही सांगितलेले आकडे ह्याच्यात बरोबर बसतात. खात्री करायची असेल तर लाईट गेल्यानंतरच्या फाईलची साइज बघा, ४०९६ ने पूर्ण भाग जातोय आणि शेवटची ओळ मधेच तुटलीय असं दिसलं की दुसरं काही शोधू नका.

तेव्हा ओळ लिहिल्यावर एफफ्लश करायचं, त्याने डेटा कर्नलकडे जातो. पण एफफ्लश म्हणजे फ्लॅशवर पोचलं असं नाही, इथे पुष्कळ लोक थांबतात. त्याच्यापुढे एफसिंक करायचं, म्हणजे कर्नलला ते फ्लॅशवर उतरवायला लावायचं, ते परत आलं आणि शून्य देऊन आलं की मगच ओळ फ्लॅशवर आहे असं धरायचं. क्लोज केल्याने काहीही पक्कं होत नाही. पायथॉनमध्ये असाल तरी तेच, आधी फ्लश मग ओएस मधलं एफसिंक. आणि कॅट कमांड मारून फाईल दिसली हा पुरावा नाही कारण कॅट तीच रॅममधली कॉपी दाखवतं.

मग जुन्या बोर्डावर एफसिंक नव्हतं तरी कसं चाललं? जेएफएफएस२ ही २००१ च्या सुमाराची, रेड हॅटमध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी केलेली, आणि ती लिहिलेलं साठवून ठेवत नाही, राइट आलं की फ्लॅशवरच जाते, नॉर ह्या दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅशवर तर सरळ आणि नँडवर एका पानाएवढा (पान म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा) छोटा बफर मध्ये असतो तेवढाच. यूबीआयएफएस नोकियाच्या लोकांनी हंगेरीतल्या सेगेड युनिव्हर्सिटीबरोबर बनवली, २००८ साली २.६.२७ कर्नलमध्ये आली. मोठ्या नँडवर जेएफएफएस२ माउंट व्हायलाच फार वेळ घ्यायची आणि रॅम खायची, त्याच्यावर ती उपाय म्हणून आली आणि वेगासाठी ती राइट-बॅक करते, म्हणजे आधी रॅममध्ये आणि सवडीने फ्लॅशवर. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जुनी फाईलसिस्टिम तुमच्या प्रोग्राममधली उणीव भरून काढत होती, नवीन काढत नाही, एवढाच फरक पडलाय, आणि नियम तर पहिल्यापासून हाच होता की सिंक मागितल्याशिवाय खात्री नाही.

शून्य बाइटची सेटिंग फाईल हा ह्याचाच भाऊ. सेव्ह बटण दाबलं की तुमचा प्रोग्राम तीच फाईल डब्ल्यू मोडमध्ये उघडतो, त्या क्षणी जुना मजकूर कापला जातो आणि फाईल शून्याची झाल्याची नोंद डेटाच्या आधी फ्लॅशवर जाऊन बसू शकते, नवीन मजकूर मात्र अजून रॅममध्ये. मधेच लाईट गेली की जुनं पण गेलं नवीन पण गेलं. फाईलसिस्टिमच्या दृष्टीने काही बिघडलेलं नसतं, म्हणून माउंट होताना एररपण येत नाही.

ह्याला एकच खात्रीचा मार्ग आहे आणि क्रम चुकवू नका. त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने नवीन फाईल लिहायची, एफफ्लश, एफसिंक, क्लोज, मग रिनेम करून तिला जुन्याचं नाव द्यायचं आणि शेवटी ते फोल्डरच उघडून त्याच्यावर एफसिंक करायचं. रिनेम हे एका झटक्यात होतं, त्यामुळे लाईट कधीही गेली तरी एक तर पूर्ण जुनी फाईल मिळते नाहीतर पूर्ण नवीन. टेंपमध्ये लिहून तिथून हलवू नका, टेंप वेगळी फाईलसिस्टिम आहे, तिथून एमव्ही केलं की आतून कॉपीच होते आणि सगळा फायदा जातो. रिनेमच्या आधीचं एफसिंक गाळायचा मोह होतो, कारण लॅपटॉपवर ते गाळूनही चालतं. ते चालतं कारण लॅपटॉपवरच्या ईएक्सटी४ फाईलसिस्टिममध्ये अशा रिनेमसाठी खास सांभाळून घ्यायची सोय आहे, यूबीआयएफएसवर तिच्या भरवशावर राहू नका.

एफसिंक दर मिनिटाला केलं तर फ्लॅश झिजेल ना, ही भीती सगळ्यांना असते म्हणून हिशोब करून दाखवतो. प्रत्येक सिंकला २ केबीची दोन पानं जातात असं धरा, दिवसाला १४४० सिंक, म्हणजे सहा एमबीच्या आत. २५६ एमबीची चिप एकदा पूर्ण भरायला चाळीसच्या वर दिवस लागतात, म्हणजे प्रत्येक ब्लॉक वर्षाला नऊ वेळा पुसला जाईल. आतली साफसफाई धरून त्याची दहापट केली तरी नव्वद. एसएलसी नँड (एका सेलमध्ये एकच बिट ठेवणारा टिकाऊ प्रकार) लाखभर वेळा पुसायला चालते. इतकी काटकसर करून आपण वाचवतोय काय? सेकंदाला दहा ओळी लिहीत असता तर मी पण म्हटलं असतं की दहा-पंधरा सेकंदांचं साठवून एकदा सिंक करा.

दुसऱ्या बोर्डाचं तुम्ही जे लिहिलंय, लाईट बराच वेळ गेली त्या रात्रीचीच फाईल नसते, हे वाचून मी आधी बटन सेल बघा म्हणेन. आरटीसीचा (बोर्ड बंद असतानाही चालणाऱ्या घड्याळाचा) सेल संपलाय किंवा, किनाऱ्यावर आहात म्हणून जास्त शक्यता, सेलच्या होल्डरची पत्ती खाऱ्या हवेने गंजलीय. पाच मिनिटांच्या लाईट जाण्यात बोर्डावरच्या कपॅसिटरवर घड्याळ तग धरत असेल, रात्रभर नाही धरत. मग बोर्ड उठतो तो १ जानेवारी १९७० ला, लिनक्सच्या घड्याळाचा शून्य तिथे आहे. प्रोग्राम तारखेच्या नावाने फाईल बनवतो, त्या नावाची फाईल मागच्या वेळची असली तर डब्ल्यू मोडमध्ये तिच्यावरच लिहितो. आणि समजा नीट लिहिली, सकाळी डोंगलला रेंज आली, एनटीपीने (इंटरनेटवरून वेळ घेऊन) घड्याळ बरोबर केलं, की रात्री तुमची तीस दिवसांपेक्षा जुनं पुसणारी स्क्रिप्ट चालते आणि तिला ती फाईल पन्नासहून जास्त वर्षं जुनी दिसते. पुसली. फाईलसिस्टिमचा ह्यात काडीचा संबंध नाही.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे आलं त्यानंतर दापोली-मंडणगडात कित्येक दिवस लाईट नव्हती, इतका वेळ बंद पडलेल्या बोर्डात घड्याळ सांभाळणारा फक्त तो सेलच असतो. तेव्हा पावसाळ्याआधी मल्टिमीटरने सेल तपासायचा, तीन व्होल्टच्या सेलवर २.७ च्या खाली दिसलं तर बदलायचा, शक्य असेल तर होल्डर काढून टॅगवाला (पत्त्या जोडलेला) सेल सोल्डर करून वर कन्फॉर्मल कोटिंग (ओलाव्यापासून वाचवणारा थर) मारायचं. आणि प्रोग्राममध्ये साधा नियम घाला: प्रत्येक फाईलच्या नावात आधी बूट नंबर घालायचा, बूटला साल प्रोग्राम बनवला त्याच्या आधीचं दिसलं तर तारीख गाळून नुसत्या बूट नंबरने फाईल बनवायची, आणि पुसणारी स्क्रिप्ट तारखेवर न चालवता जागेवर चालवायची, डिस्क ऐंशी टक्के भरली की सगळ्यात लहान नंबरची फाईल काढायची.

छोट्या कंट्रोलरवाल्यांसाठी दोन ओळी. ईएसपी३२ ह्या कंट्रोलरवर लिटलएफएस ही फाईलसिस्टिम बिगिन करताना ट्रू दिलंत तर माउंट फेल झाल्यावर ती फाईलसिस्टिम सरळ फॉरमॅट करते आणि पुढे जाते, ईएसपी८२६६ वर तर ऑटो फॉरमॅट डिफॉल्टलाच चालू असतं. पार्टिशन टेबल बदललं किंवा फ्लॅश साइजचं सेटिंग वेगळं पडलं की फाईलसिस्टिमची जागा सरकते, माउंट फेल होतं आणि सगळं साफ. फॉरमॅट फक्त हाताने, बटण दाबून होईल असं ठेवा.

आता सप्लाय. वरचं सगळं केल्यावरही हे राहतं. कोल्ड स्टोरेजमध्ये लाईट जाते तेव्हा एकदाच जात नाही, आधी व्होल्टेज खाली येतं, मग जाते, जनरेटर पकडतो, कॉम्प्रेसर उचलताना परत डिप, आणि लाईट आली की चेंजओव्हरला अजून एक. ह्या डिपमध्ये फ्लॅशचं ३.३ व्होल्ट हळूहळू खाली येत असताना प्रोसेसर अर्धवट जागा असेल आणि लिहीत असेल तर नँडचं पान अर्धं लिहिलं जातं. वाईट हे की असं पान पहिल्यांदा वाचताना बरोबर येतं आणि नंतर कधीतरी वाचता येत नाही, यूबीआयएफएसवाल्यांना हा प्रकार माहीत आहे. सॉफ्टवेअरने तो पूर्ण सुटत नाही, रीसेट सुपरवायझर आयसी पाहिजे जो व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेल्याबरोबर प्रोसेसरला रीसेटमध्ये धरेल.

आणि १२ व्होल्टच्या इनपुटला डायोडच्या पुढे, बोर्डाच्या बाजूला, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. १२ वरून ८ व्होल्टपर्यंत उतरेस्तोवर तो ०.१९ ज्यूलच्या आसपास देतो, बोर्ड २ वॉट घेत असेल तर साधारण ९० मिलिसेकंद, कन्व्हर्टरमध्ये जातं ते वजा करून थोडं कमी. चालू असलेलं पान लिहून पूर्ण व्हायला किंवा ब्लॉक पुसून व्हायला काही मिलिसेकंद लागतात, त्याला हे भरपूर झालं. रॅममध्ये साठलेलं सगळं फ्लॅशवर उतरवायला ह्याच्यावर विसंबू नका, त्यासाठी एफसिंकच.

टेस्ट दोन वेगळ्या करायच्या. सिसआरक्यू ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम द्यायची फाईल) बी लिहिलं की लिनक्स सिंक न करता, अनमाउंट न करता तिथल्या तिथे रीबूट होतो, वॉचडॉगचा (बोर्ड अडकला की रीसेट मारणाऱ्या टायमरचा) रीसेटपण असाच असतो, ह्याने तुमच्या प्रोग्रामचं एफसिंक बरोबर आहे का ते कळतं. पण त्यात सप्लाय चालूच राहतो, म्हणून दुसरी टेस्ट रिलेने (आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचने). रिले डीसी बाजूला नको, एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) २३० व्होल्टच्या बाजूला लावा, म्हणजे व्होल्टेज खरोखर जसं उतरतं तसं उतरेल. लॉगरला दर सेकंदाला चढत्या नंबरची ओळ लिहायला लावा, एफसिंक परत आल्यावरच तो नंबर सीरियलवरून लॅपटॉपला पाठवायचा. रिले मनाला येईल तेव्हा तोडायचा, जोडायचा, रात्रभर चालू द्यायचं. सकाळी लॅपटॉपवर आलेला प्रत्येक नंबर फाईलमध्ये आहे का बघायचं. फाईलमध्ये एखादा नंबर जास्त असला तर चालेल, लॅपटॉपकडे आहे आणि फाईलमध्ये नाही असा एकही निघता कामा नये. निघाला तर तो नंबर, त्याच्या नंतरच्या बूटचा डीमेसेज आणि यूबीइन्फो कमांडमध्ये खराब ब्लॉक किती दाखवतंय ते मला पाठवा, चिपबद्दल बोलायची वेळ तेव्हा.